सांग्या आणि पेवातलं भूत

सिनेमात काम केलं म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. पडद्यावर नव्हे, पडद्याच्या शेजारी, म्हटलं की खुर्ची पुन्हा मागे जाते. एका जावयाने तर मला थेट विचारलं, "म्हणजे तुम्ही नेमकं काय करत होता?" दिवाळी अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं आहे, तर दोघांना एकदमच सांगून टाकतो. मी बोलत होतो. जन्मभर पोट बोलण्यावर भरलं, आणि एकदा न बोलल्याबद्दल नोकरी गेली.

तेव्हा शहरांत बोलपट येऊन गेले होते. परभणीच्या आसपासच्या बाजारांतून मात्र मुके सिनेमेच फिरत, तेही घासून घासून म्हातारे झालेले. निजामाचं राज्य होतं, नवी चीज आमच्याकडे जुनी होऊनच यायची. सिनेमात मध्ये मध्ये इंग्रजी अक्षरांच्या पाट्या यायच्या. झरीच्या बाजाराला आलेल्या माणसाने त्या कशा वाचाव्यात? मलाही वाचता येत नव्हत्या. म्हणून तंबूवाल्याला एक मोठ्या तोंडाचा माणूस लागे. त्याने पडद्याच्या कडेला स्टुलावर उभं राहून गोष्ट सांगायची, नायिकेचं रडणं रडायचं, घोड्याच्या टापा वाजवायच्या आणि रीळ तुटलं तर ते जोडेपर्यंत लोकांना हसवत ठेवायचं. लोक मला 'सांग्या' म्हणत. मी जंगमाच्या घरातला. पोथी वाचण्यासाठी वडिलांनी माझा गळा तयार केला आणि मी तो भुताच्या किंकाळ्यांना जुंपला. त्यांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

तंबूच्या मालकाला सगळे चाचा म्हणत. मशीन तो स्वतः हाताने फिरवायचा आणि माझ्या बोलण्याच्या वेगाने फिरवायचा. मी थांबलो तर त्याचा हात हळू व्हायचा. इतकं जमलं होतं आमचं.

तंबूची मांडणी आता सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मधोमध पांढरं कापड. कापडापुढे आधी खुर्च्या, मग सतरंज्या, मग जमीन. आणि कापडाच्या मागे गावकुसाबाहेरच्या वस्तीची जागा. पुढच्यांना त्यांचा शेजार चालत नसे, म्हणून ही युक्ती. खेळाआधी मी पडद्यावर पाणी मारायचो. ओल्या कापडातून चित्र आरपार दिसतं, फक्त उलटं. उजव्या हाताने मारलेली थप्पड मागच्यांना डाव्या हाताची दिसायची. आणि मी पुढे तोंड करून उभा असल्यामुळे मागच्यांना माझी पाठ ऐकावी लागायची. दोन वर्षं मी तसाच उभा राहिलो आणि त्याबद्दल एकदाही मनात काही आलं नाही. हे लिहिताना आज लाज वाटते.

आमचा सगळ्यात चालणारा खेळ म्हणजे भुताचा सिनेमा. परदेशी. एक गोरा जमीनदार, त्याचं मोठं घर, घरात भूत आणि एक काळा नोकर. घरात आवाज झाला की मालक नोकराच्या हातात दिवा देतो आणि त्याला पुढे ढकलतो. नोकर तळघराच्या पायऱ्या उतरतो, दिवा विझतो, तो डोळे बटाट्याएवढे करून वर पळत येतो आणि मालकाला पाडतो. शेवटी भूत म्हणजे चादर पांघरलेला मालकाचाच चुलतभाऊ निघतो, इस्टेटीवर डोळा ठेवून आलेला. नोकराचं नाव मी 'काळ्या' ठेवलं होतं. या नावाला हमखास हशा यायचा. त्याचे दात वाजायला लागले की मी टिपऱ्या वाजवायचो, आणि पुढचे लोक पोट धरून लोळायचे.

नव्या तालुक्यात गेलं की आधी कचेरीतून इजाजतनामा घ्यावा लागे. तिथले अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे अधिकारी, मोठे शिस्तीचे. त्यांनी सिनेमा बघायला नकार दिला. म्हणाले, "चित्रात काय आहे याच्याशी मला मतलब नाही. तू काय बोलतोस ते सुनाव." मग भर दुपारी, कचेरीत, पडद्याशिवाय मी अख्खा सिनेमा बोलून दाखवला. मालक झालो, नोकर झालो, भूत झालो. भुताच्या वेळी आतल्या खोलीतल्या म्हाताऱ्या कारकुनाच्या हातून दऊत सांडली. अमीनसाहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी विचारलं, "हे भूत हुकूमतीच्या बाजूचं की खिलाफ?" मी म्हटलं, "साहेब, घरगुती आहे." त्यांनी सगळी गोष्ट कागदावर उतरवून घेतली आणि खाली शेरा मारला की सुनावलं तेवढंच बोलायचं, कमीजास्त झाल्यास तंबू बंद. कागद घेऊन बाहेर आलो तेव्हा चाचा आणि मी रस्त्यावरच हसत सुटलो.

तो कागद घेऊन राणीसावरगावच्या बाजारात चार खेळ केले आणि पुढच्या एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे आता देशमुखांची नातवंडं आहेत आणि ती भली आहेत. तेव्हाचे देशमुख मात्र अर्ध्या शिवाराचे धनी, आणि बाहेरच्या वस्तीने त्यांच्याकडे वेठ करायची, म्हणजे बोलावलं की फुकट राबायला जायचं, असा वहिवाटीचा हुकूम. पहिल्या खेळाला देशमुख पुढच्या खुर्चीत, शेजारी त्यांचा कारभारी. खेळ नेहमीसारखा रंगला. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तळघराच्या वेळी पडद्यामागून काहीच आवाज आला नाही. सांग्याला हशा मोजायची सवय असते, आणि मागची अर्धी बाजू मला रिकामी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्याची उसवलेली कड शिवत बसलो होतो. एक बाई चार हात लांब येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. नाव गिरजाबाई. मागे तिचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा माणिक.

"आप्पा, एक इचारू का?" ती म्हणाली. "त्यो कालचा काळा मानूस. त्याच्या मानंला रंग लावायचा ऱ्हायलाय. सदऱ्याच्या गळ्याखाली गोरा हाय त्यो."

मी हा सिनेमा शंभर वेळा तरी बोललो होतो. मला हे कधी दिसलं नव्हतं. मी पुढे तोंड करून उभा असायचो ना.

"असेल," मी म्हटलं. "मग?"

"म्हंजी गोऱ्यानं त्वांड काळं करून घेतलंय. भ्याचं सोंग आनायला त्याला आमच्यावानी व्हावं लागलं. कामून? गोरं मानूस भेत न्हाई व्हय?"

मी सुई थांबवली.

"आन तुमी त्याला भित्रा म्हनायलाव," ती पुढे बोलत राहिली. "दिवा इझला म्हंजी आत हवा न्हाई. त्यो पळाला त्ये शानपन केलं. माणक्याच्या बापाला पळू दिलं न्हाई कुनी."

मग तिने सांगितलं. आमच्या भागात ज्वारी जमिनीखाली पेवात साठवायची रीत होती. खोल खड्डा, आतून लिंपलेला, तोंडावर दगड. महिनोन्महिने बंद राहिलेल्या पेवात हवा नासते. शहाणी माणसं दगड काढून पेव उघडं ठेवतात, मग दोरीने कंदील सोडतात. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरतो. या गावात कंदिलाच्या जागी माणूस सोडत. गाड्या खोळंबलेल्या असत, एवढा वेळ कोण थांबणार? आठ वर्षांपूर्वी गिरजाबाईचा नवरा पहिला उतरला आणि वर आला तो दोरीला बांधून. देशमुखांच्या गढीवरून सांगण्यात आलं की पेवाची राखण करणाऱ्या भुताने त्याला धरलं, ते दर काही वर्षांनी एक माणूस घेतंच. त्या भुताला दर वेळी बाहेरच्या वस्तीतलाच माणूस कसा लागतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"परवा पेव उघडायलेत," माणिक पहिल्यांदाच बोलला. "औंदा पयला मी हाय."

"नाही म्हण की," मी म्हटलं. किती सोपं होतं मला म्हणणं!

"समदे हसत्यात आप्पा. भित्रा म्हन्त्यात. काल राती खेळ सुटल्यावर कारभारी वस्तीवर येऊन म्हनला, सिनेमातल्या काळ्यावानी करू नकूस."

हे ऐकलं आणि मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. माझा विनोद माझ्याआधी त्यांच्या वस्तीवर पोचला होता आणि त्या पोराला खड्ड्यात ढकलायच्या कामी आला होता. मी गिरजाबाईला तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. ती तोंडाला पदर लावून गप्प राहिली. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तो मेला तरी घेत नसत. माणिकनेच सांगितलं, लिंबाजी.

त्या दिवशीच्या खेळाला मी स्टूल उचलून पडद्याच्या अगदी रेषेवर ठेवलं, एक कान पुढे, एक कान मागे. चाचाला काही सांगितलं नव्हतं. चित्र तेच होतं, एक इंचही बदललं नव्हतं. मी फक्त नोकराचं नाव लिंबाजी ठेवलं. मालकाने दिवा हातात दिला तशी मालकाची चिरकी वाणी काढून म्हणालो, "लिंबाजी, तू पुढे हो बाबा, माझं घर आहे, माझं धान्य आहे, पण भूत तेवढं तुझं आहे!" दिवा विझला तेव्हा म्हणालो, "आत हवा नाही, मालक! विश्वास नसेल तर या, तुम्हीच बघा!" आणि नोकर मालकाला पाडून पळाला तेव्हा टिपऱ्या वाजवल्या त्या मालकाच्या गुडघ्यांसाठी. शेवटी चादरीतून मालकाचा भाऊबंद निघाला. मी ओरडलो, "घ्या! भूत घरचंच निघालं! खानदानी आहे!"

पडद्यामागून असा हशा उठला की ओलं कापड हललं. पुढे जमिनीवर बसलेले लहान शेतकरीही हसत होते, आधी तोंडावर हात ठेवून, मग उघड. सतरंज्यांवर कुजबुज. खुर्च्या गप्प. मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता, हे कबूल करतो. भीती चाचाला वाटत होती, त्याच्या हातातली मशीन अडखळत होती.

सकाळी गढीवर बोलावणं आलं. देशमुख झोपाळ्यावर, कारभारी उभा, आणि कचेरीतून आलेला जमादार आमचा इजाजतनामा मांडीवर घेऊन बसलेला.

"काय रे जंगमा," देशमुख शांतपणे म्हणाले, "कागदात काळ्या आहे. लिंबाजी कुठून आला?"

"नाव आठवलं नाही, सरकार."

"आज आठवेल. आज खेळ पुन्हा होईल. वस्तीवरचा एकेक माणूस हजर राहील. कागदात आहे तेच बोलायचं, एक अक्षर जास्त नाही. जमादार कागद घेऊन बसतील. जास्त बोललास तर तंबू इथेच जाळून टाकीन."

त्यांना काय हवं होतं ते स्वच्छ होतं. उद्या सकाळी पेव. आज रात्री लोकांनी पुन्हा काळ्याला हसायचं, म्हणजे उद्या माणिक मुकाट उतरेल.

बाहेर आल्यावर चाचा माझ्या पाया पडायला लागला. "शिवा, नक्को रे बाबा. मेरेकू तीन बेट्या हैं. ये तंबू गया तो मैं किधर जाऊं? तू बोल दे जैसा लिखा है. कायकू मरता?" मी त्याला दोष देत नाही. त्याचं खरंच होतं. मी म्हटलं, "चाचा, एक अक्षर जास्त बोलणार नाही, शब्द देतो." आणि दिला तो पाळला.

खेळ सुरू झाला. जमादार कंदिलाजवळ कागद धरून. मी कागदातलं बोलत गेलो, काळ्या काळ्या करत गेलो. पुढे कुणी हसेना. मालकाने दिवा दिला. काळ्या पायऱ्या उतरायला लागला. दिवा विझला. इथे कागदात माझं सगळ्यात मोठं बोलणं होतं, भित्र्याची सगळी नक्कल. मी टिपऱ्या खाली ठेवल्या आणि तोंड मिटलं. जास्त न बोलण्याचा हुकूम होता. कमी बोलल्यास काय, ते कागदात होतं, पण देशमुख ते विसरले होते, आणि मला आठवण करून द्यायची गरज वाटली नाही.

चाचाचा हात माझ्या आवाजाला बांधलेला. तो हळू झाला. नोकर विझलेला दिवा धरून पायरीवर जवळजवळ थांबला. तंबूत मशीनची किरकिर तेवढी. जमादार म्हणाला, "बोल!" मी त्याच्याकडे बघत राहिलो.

आणि पडद्याच्या मागून बाईचा आवाज आला. फाटका, उंच.

"लिंबाजी! उतरू नका वो! दिवा इझलाय, माघारी फिरा!"

मागच्या बाजूला सगळ्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मग दुसरा आवाज उठला, "लिंबाजीदादा, वर या!" मग तिसरा, मग सगळे. "मालकाला धाडा खाली!" "आदी कंदील सोडा म्हनावं!" चाचाने हात पुन्हा फिरवायला घेतला, तोही जोरात. नोकर पायऱ्या चढून धावत वर आला, मालक कोलमडला, आणि पडद्याच्या दोन्ही बाजू एकदम ओरडल्या. पुढचा सिनेमा मी बोललोच नाही. मागचे बोलले. माझ्यापेक्षा चांगलं बोलले. देशमुख उठून जाऊ शकत नव्हते, उठले असते तर ते कशाला उठले हे गावाला कळलं असतं. ते शेवटपर्यंत बसले.

सकाळी पेवावर गाव जमलं. मीही गेलो. तंबू जळणारच असेल तर आपण तो बघत कशाला बसायचं? दगड काढला. माणिकच्या कमरेला दोरी बांधायला कारभारी पुढे झाला, तसा माणिक म्हणाला, "आदी कंदील."

आवाज कापत होता त्याचा. पण म्हणाला. मागे वस्ती उभी होती, आणि त्यांच्या मागे काल जमिनीवर बसलेले शेतकरी. कुणीतरी कंदील आणून दिला. दोरीने सोडला. दोन पुरुष खोल गेला आणि विझला. देशमुख म्हणाले, वाऱ्याने विझला असेल. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला.

"मग तू उतर," देशमुख चिडून कारभाऱ्याला म्हणाले. "दाखव त्यांना."

कारभारी दोन पावलं मागे सरला. डोळे बटाट्याएवढे झाले, दात वाजायला लागले, हात जोडले गेले. तोंडाला काजळ लावायची त्याला गरज पडली नाही. गाव हसलं, आणि त्या हसण्यात देशमुखांचे चार भाऊबंदही होते. पेव तीन दिवस उघडं ठेवलं. चौथ्या दिवशी कंदील जळत खाली गेला, मग माणिक उतरला आणि ज्वारी घेऊन वर आला.

तंबू जाळला नाही. त्यापेक्षा सोपा उपाय होता. चाचाला आणि मला कचेरीत बोलावलं. अमीनसाहेबांपुढे तोच इजाजतनामा आणि शेजारी एक नवा कागद. त्यांनी तो वाचून दाखवला. मी खोटी गोष्ट सांगून लोकांना भडकावलं, याबद्दल शरमिंदा आहे, पुढे असं करणार नाही. खाली सही केली की तंबू मोकळा. न केली तर सगळ्या जिल्ह्यात बंदी.

मी चाचाकडे पाहिलं. पुढे बंदी लागलीच आणि त्याचे फार हाल झाले, हेही इथे लिहून ठेवतो. मशीन विकावी लागली, तो बिदरकडे भावाच्या दुकानात गेला, आणि त्या तीन मुलींपैकी थोरलीचं लग्न दोन वर्षं लांबलं. ते ओझं माझ्यावर आहे आणि राहील. पण त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलं, मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाला, "तोंड तेरा है. तू देख."

मी म्हटलं, "साहेब, हा मजकूर चुकला आहे. दुरुस्त करून लिहा."

"काय लिहू?"

"लिहा, की दोन वर्षं मी गावोगाव खोटी गोष्ट सांगत होतो. जो माणूस जीव वाचवून पळाला त्याला भित्रा म्हणत होतो. त्याबद्दल शरमिंदा आहे. पुढे असं करणार नाही."

अमीनसाहेबांनी टाक दऊतीत बुडवला आणि शब्द न् शब्द उतरवून घेतला. कागद माझ्याकडे फिरवला, आणि त्यावर मी सही केली.